प्रवाळांस व शिंपल्यांस उजेड किती हवा?

कोल्हापूरकरांना प्रकाशाचें मोल शिकवावयास नको. दरवर्षीं नोव्हेंबरांत, आणि पुन्हां जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभीं, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत शिरून अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात; आणि ते आज चरणांपर्यंत आले, कीं कमरेपर्यंत, कीं मुखापर्यंत, हें पाहण्यासाठीं लोक श्वास रोखून उभे राहतात. एखाद्या वर्षीं क्षितिजावर ढग असला, हवेंत धूळ वा बाष्प अधिक असलें, कीं किरण वाटेंतच क्षीण होतात. देवळांत समया असतात, विजेचे दिवे असतात, डोळ्यांना उजेडाची वाण अशी नसते. तरी पाहणारा म्हणतो, आज किरण पोहोचले नाहींत. दिसणारा उजेड निराळा आणि पोहोचणारा प्रकाश निराळा, हा भेद येथें सामान्य माणसासहि कळतो. खाऱ्या पाण्याच्या कांचपेटींत प्रवाळ किंवा शिंपला ठेवूं इच्छिणाऱ्या गृहस्थास जें कळावयास हवें, तें बहुतेक या भेदांत बीजरूपानें आलेलें आहे.

ही इच्छा समुद्रापासून दूर असलेल्या कोल्हापुरांत कशी उत्पन्न होते, हें सांगणें कठीण नाहीं. घाट उतरून मालवणास जावें, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तोंडावर कांच बांधून पाण्यांत डोकें घालावें, खडकावर पसरलेलें प्रवाळ आणि त्यावरून फिरणारे पट्टेदार मासे पाहावेत. घरीं परत आल्यावर दिवाणखान्यांतली गोड्या पाण्याची पेटी आणि तींतले सोनेरी मासे एकाएकीं फिके वाटूं लागतात. मग मुलांचा हट्ट, शेजाऱ्यांची भर आणि शेवटीं दुकानदाराचें आश्वासन कीं, "दिवा तेवढा चांगला घ्या, बाकी सारें होतें." चांगला दिवा म्हणजे कोणता, हें मात्र तो सांगत नाहीं. बहुधा त्याच्याजवळ शिल्लक असेल तो.

परंतु दिव्याच्याहि आधीं कायद्याचा विचार केला पाहिजे. मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तेथून जिवंत खडकाचा तुकडा पिशवींत घालून आणणें हा पोरखेळ नसून अपराध आहे. तेवढ्यानें भागत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं चुन्याचा खडक बांधणारीं सर्व कठीण प्रवाळें, काळें प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यांत आले, आणि ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा व हिप्पोपस हे शिंपलेहि त्यांच्या पंक्तीस बसले. ज्या यादींत वाघ, त्याच यादींत दगडासारखें दिसणारें हें मुकें जनावर. तेव्हां आपल्या देशांतील घरांत कठीण प्रवाळ किंवा हे थोरले शिंपले ठेवण्याचा बेत मुळांतच सोडून द्यावा हें बरें. "सगळेच ठेवतात" हें उत्तर वन खात्याच्या अधिकाऱ्यापुढें टिकणारें नाहीं.

मग हा सारा खटाटोप कोणासाठीं, असें कोणी विचारील. त्या अनुसूचीबाहेरचीं कांहीं मृदु प्रवाळें आहेत: कुत्र्याच्या छत्रीसारखीं दिसणारीं चकतीप्रवाळें, चामड्यासारख्या कातडीचें सार्कोफायटॉन इत्यादि. घरांतील पेट्यांतच कलमें करून तीं वाढवितां येतात. तींहि घेण्यापूर्वीं वन खात्याच्या कार्यालयांत चौकशी करावी, आणि तीं कोठें वाढविलीं याचा कागद व पावती मागून घ्यावी. शिवाय परदेशीं स्थायिक झालेलीं अनेक मराठी कुटुंबें अशा देशांत आहेत, जेथें संवर्धनकेंद्रांत जन्मलेले शिंपले रीतसर परवान्यानें मिळतात. आणि ज्यांना कांहींच पाळावयाचें नाहीं, त्यांनाहि मालवणच्या पाण्यांत पाहिलेली गोष्ट जगते कशावर, हें समजून घेण्यांत आनंद आहे.

प्रवाळ हें झाड नव्हे आणि दगडहि नव्हे. तो प्राणी आहे. मध्यें तोंड, भोंवतीं शुंडांचें वर्तुळ आणि खालीं त्यानेंच स्रवलेल्या चुन्याचें घर, असें कठीण प्रवाळाचें रूप. शुंडांनीं तो पाण्यांतले सूक्ष्म जीव धरून खातो. पण उष्ण कटिबंधांतील ज्या समुद्रांत पाणी स्फटिकासारखें निर्मळ असतें, तेथें तें अन्नाच्या दृष्टीनें दरिद्रीच असतें. एवढ्या शिकारीवर संसार चालावा कसा? त्याची खरी शेती त्याच्या अंगांतच आहे. त्याच्या पेशींमध्यें सूक्ष्म शैवाल राहतें. सूर्यप्रकाशाच्या बळावर तें अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वांटा यजमानास देतें. यजमान त्याला आसरा, कर्बवायु आणि आपल्या मलद्रव्यांतील नत्र पुरवितो. भाडेकरूनें घरमालकास जेवूं घालावें, आणि घरमालकाच्या केरकचऱ्यावर स्वतः पोसावें, असा हा करार आहे. १९२८-२९ सालीं सी. एम. याँग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेली होती. तिनें या कराराची प्रयोगानें तपासणी केली. प्रवाळें अंधाऱ्या पेटींत कोंडून ठेवलीं असतां आंतलें शैवाल नाहींसें झालें, पण बाहेरून अन्न मिळत राहिल्यास प्राणी मात्र तग धरून राहिला. याचा अर्थ असा कीं, उजेड थेट प्राण्याला नको, त्याच्या कुळाला हवा आहे. पण कूळ उपाशी मेलें तर मालकाची जमीन पडीक राहते.

येथें एक गैरसमज काढून टाकलेला बरा. गुजरींतल्या सराफाकडे मंगळाच्या अंगठीसाठीं जें तांबडें पोवळें मिळतें, तें या चर्चेंत धरूं नये. अस्सल असल्यास तें बहुधा भूमध्य समुद्रांतील, कपारींच्या अर्धवट अंधारांत वाढणाऱ्या जातीचें असतें. त्याच्या अंगांत शैवाल नसतें, आणि दिव्याशीं त्याला कर्तव्य नसतें. पोवळें काळोखांत वाढतें असें कोठें तरी वाचून एखाद्यानें आपल्या पेटीचा दिवा विझविला, तर तो नांवसाधर्म्याचा बळी ठरेल.

शिंपल्यांतहि हाच भेद आहे. कोंकणांतल्या तिसऱ्या वाळूंत गाडून घेतात, पाणी गाळून खातात आणि आयुष्य अंधारांत काढतात. ट्रायडॅक्ना कुळांतील शिंपले याच्या अगदीं उलट वागतात. ते तोंड वर करून उजेडांत पडून राहतात आणि दोन शिंपांच्या मधून आपला मांसल पदर बाहेर पसरतात. त्यांच्या जठरापासून निघालेल्या बारीक नळ्यांचें जाळें या पदरांत पसरलेलें असतें, आणि शैवालाची वस्ती त्या नळ्यांत असते. पदरावरचे ते निळे, हिरवे, सोनेरी ठिपके, ज्यांच्यासाठीं लोक वेडे होतात, ते निव्वळ शोभेचे नाहींत. प्रकाश परावर्तित करणाऱ्या विशिष्ट पेशींचे ते पुंजके आहेत. नको असलेला प्रकाश ते बाहेर टाकतात आणि हवा असलेला शैवालाच्या खोल थरांपर्यंत विखरून देतात. याच कुळांतील सर्वांत थोरली जात लांबीनें एक मीटरहून अधिक आणि वजनानें दोनशें किलोहून अधिक वाढते. सर्वांत लहान जात, ट्रायडॅक्ना क्रोशिया, वीतभरहि होत नाहीं. घरगुती पेटीस जुळणारी तीच. पण उजेडाची हांव तिलाच सर्वांत अधिक.

आतां मोजमापाकडे वळलें पाहिजे, कारण सारा घोटाळा येथेंच होतो. माणसाचा डोळा हा मोठा समजूतदार नोकर आहे; उजेड कमी झाला कीं तो बाहुली मोठी करतो, वाढला कीं लहान करतो, आणि धन्याला फरक फारसा जाणवूंच देत नाहीं. उन्हाळ्यांत भर दुपारीं रंकाळ्याच्या कांठावर उघड्यावर प्रकाश मोजला, तर तो सुमारें १,००,००० लक्स भरतो. आषाढांत आभाळ गच्च भरलेलें असतां तोच १०,००० च्या आसपास उतरतो. घरांत खिडकीजवळ १,००० ते २,००० मिळाले तर पुष्कळ. आणि रात्रीं नळीदिव्याच्या उजेडांत ज्या दिवाणखान्यांत वर्तमानपत्र सुखानें वाचतां येतें, तेथें १५० ते ३०० लक्सच असतात. म्हणजे ज्या खोलीस पाहुणे लख्ख म्हणतात, तींत दुपारच्या उन्हाचा पांचशेंवा हिस्साहि कष्टानें भरतो. प्रवाळाच्या अंगांतील शैवालाच्या दृष्टीनें ती मध्यरात्र आहे.

लक्स हें मापसुद्धां माणसाच्या डोळ्यासाठीं बेतलेलें आहे. डोळ्याला हिरवापिवळा रंग तीव्रतेनें जाणवतो, निळा व तांबडा कमी. म्हणून पिवळसर दिवा लक्समापकावर मोठा आंकडा दाखवितो आणि निळा दिवा लहान दाखवितो, जरी शैवालाला निळाच अधिक उपयोगी असला तरी. गुळाच्या बाजारांत ढेपेचा पिवळाधमक रंग पाहून गिऱ्हाईक भुलतें. पण रंग हें गोडीचें माप नव्हे, हें शाहूपुरींतल्या कोणाहि जुन्या अडत्यास विचारावें. शैवालासाठीं शास्त्रज्ञ वेगळें माप वापरतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या लांबीच्या लहरींचे, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचे, किती प्रकाशकण दर सेकंदास दर चौरस मीटरवर पडतात, याची ती शिरगणती होय. तिचा आंकडा मायक्रोमोलांत देतात. निरभ्र आकाशांतील मध्यान्हीच्या सूर्याचा हा आंकडा २,००० च्या जवळपास असतो. सूर्यप्रकाशापुरतें बोलावयाचें तर लक्सला ५४ नें भागलें असतां साधारण मायक्रोमोल मिळतात: खिडकीजवळचे १,००० लक्स म्हणजे अवघे १८ ते १९ मायक्रोमोल. निळ्या दिव्यास मात्र हा भाजक लावूं नये. तेथें खरा आंकडा या हिशेबाहून मोठा निघतो. प्रकाशकण मोजणारें उपकरण महाग असतें, पण एका गांवांतील दहा हौशी लोकांनीं मिळून एक घेतल्यास काम भागतें, कारण तें वर्षांतून चारदोन वेळांच लागतें. तें नसेल तर साधा लक्समापकहि निरुपयोगी नव्हे. एकाच दिव्याखालीं पेटीचा कोणता कोपरा उजळ आणि कोणता मंद, आणि दिवा सहा महिन्यांपूर्वींपेक्षां किती उतरला, एवढें तो खरें सांगतो.

रंगाचा प्रश्न पाण्याशीं जोडलेला आहे. पंचगंगेला पूर आला असतां तांबड्या पाण्यांत बुडविलेला हात वीतभर खालीं दिसेनासा होतो. उलट भर समुद्राच्या स्वच्छ पाण्यांत प्रकाश कित्येक मीटर खालीं उतरतो. पण सर्व रंग सारखे उतरत नाहींत. तांबडा पहिल्या कांहीं मीटरांतच शोषला जातो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोल जातो. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रांत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखली जाणारी आंग्रिया बँक नांवाची बुडालेली टेकडी आहे. तिचा माथा पाण्याखालीं वीस मीटरांच्या आसपास आहे आणि त्यावर प्रवाळांची विस्तृत वसाहत आहे. तेथें पोहोचणारा प्रकाश जवळजवळ निळाच असणार, आणि तेथील शैवाल त्या निळ्यावरच निर्वाह करतें. मालवणच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथें प्रवाळें उथळ पाण्यांत आहेत, पण पाणी गढूळ. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ, वर ढग, खालीं उसळलेली वाळू. अशा ठिकाणीं टर्बिनेरियासारखीं ताटाप्रमाणें पसरणारीं प्रवाळें आढळतात, जणूं पडेल तो किरण झेलण्यासाठीं परात धरून बसलेलीं. सर्व प्रवाळांना प्रखर प्रकाश लागतो, या दुकानी समजुतीस मालवणचा समुद्रच उत्तर देतो. प्रत्येक जीव आपल्या गांवच्या उजेडाला सरावलेला असतो. तेव्हां तो कोठून आला, किती खोलावर वाढला, हें दिव्याच्या किंमतीपूर्वीं विचारावें.

पूर्वीं दिव्यांची निवड थोडी होती. १९६० च्या सुमारास जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि दिवसाचा नैसर्गिक उजेड एवढ्यावर प्रवाळें जगवून दाखविलीं; ती विषुववृत्ताजवळच्या सूर्याची कृपा. पुढें घरांतल्या नळीहून अधिक भाराच्या सडपातळ नळ्या आल्या. त्यांचा प्रकाश पेटीभर सारखा पसरतो, सावल्या कडक पडत नाहींत, आणि नवशिक्याला त्या आजहि वाईट नाहींत; दोष इतकाच कीं वर्षभरांत त्यांचें तेज ओसरतें आणि रंग बदलतो, तरी नळी जळतच राहते. डोळा फसतो, मालक निश्चिंत राहतो, आणि प्रवाळ हळूहळू उपाशी पडतें. धातुसंयुगांचे प्रखर दिवे उन्हासारखीच झळाळी देत, पण उन्हासारखेच तापत. लहान पेटीवर दीडशें वॅटचा तसा दिवा म्हणजे पाण्याखालीं चूल पेटविण्यासारखेंच. आतां सर्वत्र एलईडी आहेत. तेजस्वी निळा प्रकाश देणाऱ्या ज्या डायोडामुळें हे शक्य झालें, त्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हे दिवे वीज कमी खातात, वर्षानुवर्षें टिकतात आणि निळा व पांढरा हे दोन्ही भाग वेगवेगळे कमीजास्त करतां येतात. एका लिटरास इतके वॅट, हा जुना दुकानी नियम त्यांनीं पार निकालांत काढला. कारण वॅट हें वीज किती खर्च झाली तें सांगतात, प्रकाश किती पोहोचला तें नव्हे.

लहान पेटीची खरी अडचण भूमितीची आहे. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि पंचेचाळीस उंच अशी सुमारें एकशेंवीस लिटरची पेटी घ्यावी. तींत पाणी चाळीस सेंटिमीटर. दिवा पृष्ठभागापासून वीस सेंटिमीटरवर टांगला, तर पृष्ठभाग वीसवर आणि तळ साठवर येतो, अंतर तिप्पट. बिंदूसारख्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, म्हणून तळावर पृष्ठभागाच्या नवव्या हिश्शाइतकाच प्रकाश पडेल. तोच दिवा चाळीस सेंटिमीटरवर नेला, तर अंतरें चाळीस व ऐंशी होतात आणि तळावर चौथा हिस्सा मिळतो. वरच्या जिवांची होरपळ टळली, खालच्यांची उपासमार कमी झाली. मात्र एकंदर प्रकाश घटला, म्हणून दिवा मुळांत थोडा बळकट हवा. प्रत्यक्षांत कांचेच्या भिंती कांहीं प्रकाश परत आंत ढकलतात, त्यामुळें घट या हिशेबाइतकी कठोर नसते. तरी दिशा हीच. याच कारणानें अरुंद झोताचे भिंग असलेला दिवा लहान पेटीवर घेऊं नये. त्याखालीं बरोबर मध्यभागीं वैशाख आणि कोपऱ्यांत पौष, अशी स्थिति होते. पेटीवर कांचेचें झांकण असल्यास त्यावर मिठाचे थेंब वाळून पांढरी साय धरते. ती आठवड्यास पुसली नाहीं तर उत्तम दिवाहि मंद होतो. खारें पाणी आणि वीज यांची मैत्री जिवावर बेतते, म्हणून दिव्याची तार भिंतीकडे जाण्यापूर्वीं एकदां खालीं झोळ घेऊन मगच वर गेलेली असावी, आणि गळती होतांच वीज तोडणारी कळ मंडळांत असावीच असावी.

आतां किती, या प्रश्नाचें उत्तर. चकतीप्रवाळांना ५० ते १०० मायक्रोमोल पुरतात. अधिक मिळाल्यास तीं आक्रसून बसतात. सार्कोफायटॉनसारख्या चामडी प्रवाळांना शंभराच्या आसपास, फार तर दीडशें. मोठ्या मुखांचीं कठीण प्रवाळें ८० ते १५० वर सुखी असतात. लहान मुखांचीं, हरणाच्या शिंगांसारखीं फांदलेलीं अक्रोपोरा जातीचीं प्रवाळें २५० ते ४०० मागतात. शिंपल्यांपैकीं स्क्वामोसा व डेरासा या जाती दीडशेंदोनशेंवर राहतात, तर मॅक्झिमा व क्रोशिया यांना अडीचशेंच्या खालीं ठेवूं नये. हे आंकडे म्हणजे धर्मशास्त्र नव्हे. अनुभवी लोकांचे ठोकताळे आहेत. पण यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते कीं, ज्या घरांत कायद्यानें मृदु प्रवाळेंच ठेवतां येतात, तेथें प्रखर व महागडा दिवा घेण्याचें कारणच नाहीं. मध्यम शक्तीचा, रुंद झोताचा आणि निळापांढरा वेगळा करतां येणारा दिवा पुरेसा होतो, आणि उरलेला पैसा पाणी गाळण्याच्या व खळखळतें ठेवण्याच्या साधनांवर खर्च करावा. शोभेसाठीं सगळाच निळा उजेड ठेवून प्रवाळें रात्रीच्या जत्रेसारखीं चमकविण्याची चाल पडली आहे. तिनें जीव मरत नाहीं हें खरें, पण पेटींतला जिवाचा मूळ रंग कधीं दिसतच नाहीं, आणि तो फिका पडूं लागला तरी कळत नाहीं.

दिवा किती तास ठेवावा? कोल्हापुरांत दिवस ऋतूप्रमाणें अकरा ते तेरा तासांचा असतो. पण खरा सूर्य सकाळसंध्याकाळ मंदच असतो, आणि दिवा मात्र पेटवितांच पूर्ण तेजानें जळतो. २०० मायक्रोमोलांचा स्थिर दिवा दहा तास ठेवला, तर जितके प्रकाशकण मिळतात, तितकेच बारा तासांच्या नैसर्गिक दिवशीं मध्यान्हीं सुमारें २६० वर चढून उतरणाऱ्या उजेडांत मिळतात. म्हणून आठ ते दहा तास पुरे. घड्याळी कळ लावून तो ठरल्या वेळीं पेटावा व विझावा; पाहुणे आले म्हणून रात्रीं अकरापर्यंत दिवा चालूं ठेवणें हा जिवांवर अन्याय आहे.

नवा दिवा आणल्याच्या आनंदांत पहिल्याच दिवशीं तो पूर्ण तेजानें लावणें, ही सर्वांत नेहमींची चूक. मंद प्रकाशांत राहिलेल्या प्रवाळाच्या अंगांत शैवाल व त्याची रंगद्रव्यें दाट झालेलीं असतात. एकाएकीं प्रखर प्रकाश पडला, तर तें शैवाल वापरतां न येणाऱ्या ऊर्जेनें होरपळतें, विषारी प्राणवायुसंयुगें निर्माण होतात आणि प्राणी तें बाहेर टाकूं लागतो. प्रवाळ पांढरें पडतें तें असें. म्हणून अर्ध्या तेजानें आरंभ करावा, दर आठवड्यास दहावा हिस्सा वाढवावा आणि रोज पाहावें. प्रकाश कमी पडत असल्यास प्रवाळ तपकिरी होतें आणि मान उंचावल्यासारखें दिव्याकडे ताणतें; अधिक झाल्यास फिकें पडतें आणि आखडतें. तपकिरी रंग पाहून "हें तर चांगलें गडद झालें" असें समजणें चूक, कारण तो भुकेल्या शैवालानें वाढविलेला व्याप आहे. शिंपल्याच्या बाबतींत पदर मध्यभागापासून फिकट होऊं लागला किंवा तोंड वाजवीपेक्षां अधिक वासूं लागलें, तर तत्काळ लक्ष द्यावें. त्याची जागा बदलावयाची झाली, तर खडकास चिकटलेले त्याचे तंतु ओढून तोडूं नयेत. आंतला अवयव फाटून जीव जातो. आरंभींच लहान सपाट दगडावर बसूं द्यावा, म्हणजे दगडासकट उचलतां येतो. आणि हेंहि ध्यानांत असावें कीं, प्रकाश वाढला कीं वाढ वाढते, वाढ वाढली कीं पाण्यांतला चुना खर्च होतो. ज्यानें चुन्याचें माप घेतलें नाहीं, त्यानें दिवा वाढवूं नये.

उन्हाळ्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. या जिवांना २४ ते २७ अंश पाणी मानवतें. एप्रिलमध्यें कोल्हापुरांत दुपारचा पारा ३७-३८ वर जातो, बंद घरांतलें पाणी तीसच्या वर सरकतें, आणि दिवा त्यांत भर घालतो. समुद्रांतहि प्रवाळांचा नाश उष्णता आणि प्रखर ऊन यांच्या जोडगोळीनेंच होतो. नेहमींच्या उन्हाळी कमालीहून एखादाच अंश अधिक ऊब कांहीं आठवडे टिकली, तरी प्रवाळें पांढरीं पडूं लागतात. १९९८ व २०१० सालीं, २०१४ ते २०१७ या काळांत आणि पुन्हां २०२३ पासून, असें जगभर घडलें. चौथ्या खेपेची अधिकृत घोषणा एप्रिल २०२४ मध्यें झाली. म्हणून पाणी तापलें असतां दिवा कमी करावा, वाढवूं नये. पृष्ठभागावरून वाहणारा लहान पंखा लावल्यास बाष्पीभवनानें पाणी दोनतीन अंश उतरतें. कोरड्या चैत्रांत ही युक्ति उत्तम चालते. मात्र उडून जातें तें पाणी, मीठ मागें राहतें. तेव्हां भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची.

आणि वीज गेली तर? येथें बहुतेक लोक घाबरून दिव्याकडे धांवतात. घरांत साठविलेली वीज थोडी असेल, तर ती पाणी फिरविणाऱ्या पंपास द्यावी. ढगाळ दिवस समुद्रावरहि येतात. एकदोन दिवस अंधार झाला तर प्रवाळाचें कांहीं बिघडत नाहीं. पाणी मात्र थांबलें, तर कांहीं तासांतच प्राणवायु संपूं लागतो, आणि त्यापुढें चांगल्यांतला चांगला दिवाहि कुचकामाचा.

शिंपला ज्यांच्याकडे रीतसर आहे, त्यांच्यासाठीं एक साधी परीक्षा आहे. त्याच्या पदराच्या कांठावर बारीक बारीक डोळे असतात, एकदोन नव्हे, कित्येक शेंकडे; त्यांना चित्र स्पष्ट दिसत नसलें तरी सावली कळते. दिवा चालूं असतां पेटीवरून हात हळूच फिरवावा. निरोगी शिंपला सावली पडतांक्षणींच पदर आंत ओढतो, आणि कांहीं वेळानें पुन्हां पसरतो. सावली पडूनहि तो हलला नाहीं, किंवा हलण्यास वेळ लावूं लागला, तर पाणी तपासावें, दिव्याचा आंकडा पाहावा, आणि त्या दिवशीं दुसरें कांहीं बदलूं नये.